कोरड्या घरातलं पाणी

२ मे

पोचले एकदाची! बारकं विमान कुरणातच उतरलं आणि सामान न्यायला गावप्रमुख अफानासी स्वतः ट्रॅक्टर घेऊन हजर. आर्यलाख गाव एवढंसं. नदीकाठानं दोन गल्ल्या आणि मागे टेकाड. पाणीपातळी निरीक्षक म्हणून ही माझी पहिलीच स्वतंत्र नेमणूक. सकाळी आठला आणि संध्याकाळी आठला काठावरच्या खुंटांना पट्टी लावायची, आकडा शहरातल्या कार्यालयाला फोनवर कळवायचा. नदीवरचा बर्फ फुटून पाणी ओसरेपर्यंत एवढंच काम.

राहायला अकुलिनामावशींकडे. माझ्याआधीचे निरीक्षक प्रोकोपी यांच्या त्या पत्नी. ते जानेवारीत वारले. मला बघून म्हणाल्या, "नारियाना होय तू? एवढीशी पोर, आजीला मोजणार? आधी खा." नदीला इथे कुणी नावानं हाक मारत नाही, आजीच म्हणतात. लोणी लावलेली घावनं, वर घोटलेली साय आणि गोठवलेली बोरं. मी सात खाल्ली. खिडकीतून नदी दिसते, अजून पांढरीशुभ्र, गाढ झोपलेली. छान वाटतंय.

४ मे

पातळी ३.१० मीटर. बर्फ सव्वा मीटर जाड, पण वरून काळपट पडू लागलाय. धोक्याची पातळी दहा. आज घरांच्या उंच्या मोजून घेतल्या. मावशींच्या घराची जमीन १०.२० वर येते.

अफानासीनं मागच्या वसंतातलं सांगितलं. प्रोकोपींनी साडेनऊचा अंदाज दिला होता, गाव निवांत होतं. बर्फ फुटला आणि गावाखाली नदीतल्या बेटाशी अडकला. पाणी मागे फिरलं आणि पाऊण तासात ११.८०. बाकीचे छपरांवर चढले. प्रोकोपींची मुलगी मार्फा आणि तिची तान्ही पोर मात्र याच घरात बुडाल्या. निघू का, असं तिनं बापाला विचारलं होतं म्हणे. तो म्हणाला, बस घरात, काही येत नाही. त्यानंतर तो मरेपर्यंत कुणाशी बोलला नाही.

मी झोपते तो पलंग मार्फाचा. हेही अफानासीकडूनच कळलं, मावशींकडून नाही.

७ मे

खोलीच्या भिंतीवर ओलीची रेघ आली आहे. चारी भिंतींवर सारख्याच उंचीला, दोरी धरून मारल्यासारखी. जमिनीपासून वीस सेंटिमीटर. जमीन ठणठणीत कोरडी. फडक्यानं पुसली तर तासाभरात परत.

दुसरं असं की हातातला चमचा पडला आणि आवाजच झाला नाही. मुद्दाम पुन्हा टाकला. टेबलावर आपटला की खणकन वाजतो, जमिनीवर पडला की काही नाही.

९ मे

नदी ४.६०. बर्फ काठापासून सुटतोय. रेघ पन्नासवर.

बुटाचे बंद बांधायला वाकले, डोकं रेघेखाली गेलं तर कान एकदम बंद झाले, डोहात बुडी मारल्यासारखे. माझी वेणी खांद्यावरून उचलली गेली आणि हळूच तरंगत वर आली. मी ताडकन उभी राहिले. मावशींचं घड्याळ परत टिकटिकायला लागलं.

मावशींना रेघ दाखवली. त्यांना नवल वाटलं नाही. म्हणाल्या, "मागच्या वर्षीही आली होती, पाण्याच्या आठ दिवस आधी. मी नवऱ्याला बोलावून दाखवली. तो म्हणाला, ओल आहे, चुना मार." मग चहात दूध घालून कप माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाल्या, तेव्हा नुसती रेघ होती. रेघेखालची ही शांतता, हे तरंगणं, हे सगळं यंदाचं आहे.

नुसती रेघ होती, तर यंदा तिच्याखाली कोण आहे, हे विचारणं अगदी माझ्या ओठांवर आलं होतं.

११ मे

रेघ पंचाण्णववर. म्हणजे नदीच्या पट्टीवर ११.१५.

कार्यालयाला फोन केला. त्यांचा अंदाज ९.६०, काळजीचं कारण नाही. मी जास्त येईल म्हटलं तर आधार काय विचारलं. भिंतीवरची ओल सांगणार? अफानासीकडे गेले. तो हसला. "प्रोकोपी म्हणाला येत नाही, आलं. तू म्हणतेस येतं, म्हणजे यंदा नाही येत! जा, झोप काढ जरा, डोळे बघ कसे झालेत." मागच्या वर्षी मार्फाचा मृतदेह त्यानंच खिडकीतून बाहेर काढला होता.

१३ मे

एक मीटर चाळीस. पलंग उंच, तोही आता पूर्ण रेघेखाली गेला. सकाळी जाग आली ती गुदमरून. तोंडात गार, गढूळ चव. कूस बदलली तर शेजारी उशी दबलेली होती, लहानशी, डोकं टेकवल्यासारखी.

आज मी खोटं बोलले. अफानासीला सांगितलं, शहरातून फोन आला, अंदाज बदलला, बारा मीटर म्हणाले. आजवर एक सेंटिमीटर इकडचा तिकडे केला नव्हता. तो टोपी घालून लोकांना उठवायला बाहेर पडला.

१४ मे

गाव टेकाडावर. ट्रॅक्टर, गाई, म्हातारी माणसं, गाद्या. सगळे मला शिव्या घालत चढले.

मावशी आल्या नाहीत. हातापाया पडले. म्हणाल्या, "मी निघून गेले तर माझ्या दोघी पोरी घरात कुणाकडे येतील गं?"

१५ मे

दुपारी बर्फ फुटला. तोफा डागल्यासारखा. चार वाजता ९.५८ — कार्यालयाचं बरोबर निघालं. गाई सोडवून घेऊन लोक उतरायला लागले. मलाही हायसं वाटलं, खोटं कशाला लिहू.

मग वाहता बर्फ थांबला. बेटाशी. सगळी नदी जागच्या जागी. उतरणारे हातात कासरे धरून तसेच उभे राहिले.

मावशी एकट्या आहेत. जाते.

१५ मे, संध्याकाळ

घरात. पाणी बाहेर पायरीशी, आत थेंब नाही. रेघ दोन मीटर. मी कपाटावर चढून बसलेय, वही छतालगत —

मावशी खाली जमिनीवर. ओढलं, उचललं, हलत नाहीत. ओठ हलताहेत. हसताहेत. हात असे धरलेत, मांडीवर कुणी —

खाली उतरले होते. तिथे शांतता नाहीच. वरून तशी वाटते. खाली बोलणी चाललीत. बाळ रडतंय. आणि एक म्हातारा सारखं एकच विचारतोय, आज पाणी किती? आज किती, पोरी? त्याला कुणी सांगतच नाहीये —

मी सांगितलं. बारा वीस. येणार, नक्की येणार, मार्फाला घेऊन आत्ताच्या आत्ता निघा.

त्यानं मार्फाला हाक मारली. असा आवाज मी माणसाचा कधी —

मावशी उठल्या. दाराकडे चालल्यात, रिकामे हात पुढे करून. दार उघडं. पाणी आत येतंय, खरं पाणी, बर्फ घेऊन. वर थांबू की —

ओली बोटं माझ्या घोट्याशी. ओढत नाहीत. हळू धरलंय, थोरल्या बहिणीनं धरावं तसं. म्हणतेय, चल, बाबा म्हणालेत निघायला, अजून वेळ आहे, अजून