पावसाळ्यातला सव्वा किलो

सर,

बोळिंजच्या आपल्या सोसायटीमागच्या मोकळ्या पट्टीत मी स्वतःच्या हातांनी केलेल्या वस्तू अशा. दीड इंची पाण्याच्या पाइपाचा बार एक, उंची सात फूट दोन इंच. चिंचेच्या लाकडाचे डंबेल्स अकरा जोड्या, प्रत्येक नग एक किलो, फरक पडलाच तर दहा ग्रॅमच्या आत. लेझमी बावीस, चकत्या तेलाच्या डब्यांच्या पत्र्याच्या, म्हणून आवाज जरा भसाडा, पण बाविसांचा एकसारखा भसाडा. बसायला बाक दोन. हजेरीचा फळा एक. आणि माणसं तोलायचा तराजू एक. शिट्टी तेवढी विकतची होती, ती तुमची.

लिहायचं आहे ते तराजूबद्दल. बाकीचं यादी अर्धवट राहू नये म्हणून लिहिलं.

तुम्ही पहिल्यांदा माझं दार वाजवलंत तेव्हा मी मिक्सर उघडून जमिनीवर बसलो होतो. वसईच्या कारखान्यात मी मेंटेनन्सला. सातवीनंतर शाळा सुटलेली, आयटीआयचं तोंड पाहिलेलं नाही. जे येतं ते वस्तू उघडून आणि पुन्हा लावून आलेलं. तुम्ही निवृत्त ड्रिलमास्तर, निर्मळची वाडी सोडून लेकीच्या फ्लॅटमध्ये नुकते राहायला आलेले. तिच्याशी तुम्ही घरच्या बोलीत बोलायचात, ते मला अर्धंच कळायचं. आमच्याशी मात्र शाळेतलं मराठी, पूर्णविरामासकट. "तू हातानं कामं करतोस असं ऐकलं. उद्या साडेपाचला खाली ये," तुम्ही म्हणालात. मी म्हणालो, "सर, मी दिवसभर अंगमेहनतच करतो, मला व्यायाम कशाला?" "व्यायामाला कोण बोलावतंय? बार बसवायचाय." मी बार बसवायला उतरलो तो आजतागायत उतरतोच आहे.

तेव्हा सोसायटी नवी होती. कोणी सावंतवाडीचा, कोणी साताऱ्याचा, कोणी गिरगावातली खोली विकून आलेला. शेजारी कोण राहतं ते दाराबाहेरच्या चपलांवरून ओळखायचं. तुम्ही एकेकाला खाली उतरवलंत. कोणाला पाठ दुखते म्हणून, कोणाला डॉक्टरांनी चालायला सांगितलंय म्हणून, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या बँकेतल्या साहेबांना, एक्याण्णव किलो वजन, त्यांच्या बायकोशी संगनमत करून. आणि मग तुम्ही तो नियम काढलात. दर रविवारी सगळ्यांनी वजन करायचं. गेल्या रविवारपेक्षा ज्याचं जेवढं वाढलं असेल, तेवढ्या वजनाची केळी त्यानं आणायची आणि सगळ्यांनी तिथंच बसून खायची. केळी तुमच्याच वाडीतली, सायकलच्या कॅरियरवरून. यात एक मूलभूत चूक आहे हे मी तुम्हाला दुसऱ्याच आठवड्यात दाखवलं होतं: या रविवारी केळी खाणारा पुढच्या रविवारी केळी आणणारा होतो. तुम्ही म्हणालात, "चालू दे. माणसाला खाली उतरायला निमित्त लागतं. काठी लागते तसं."

तराजू मी मेमध्ये केला. दांडी कारखान्याच्या भंगारातल्या लोखंडी चॅनेलची, काटा सायकलच्या स्पोकचा. एका बाजूला वजनांचं पारडं, दुसऱ्या बाजूला चार साखळ्यांवर माणसानं उभं राहायची फळी: आंब्याचं लाकूड, तीन फूट बाय दोन फूट, दीड इंच जाड. वजनं जुन्या शाफ्टचे तुकडे कापून केलेली आणि वाण्याच्या वजनांशी एकेक करून ताडलेली. फळीचं वजन भरलं बारा किलो सातशे. तेवढं शिसं पारड्याच्या तळाशी ओतून मी काटा मधोमध आणला. वर पत्र्याचं छप्पर, बाजू मोकळ्या. काम झालं की दांडी आकड्याला अडकवून ठेवायची. तुम्ही दोनदा फिरून पाहिलंत, खाली वाकून पाहिलंत, आणि म्हणालात, "छान. आता दर वेळी माणूस चढायच्या आधी रिकामा तपासून घेत जा." आणि मी, वय अडतीस, सगळ्या लोकांसमोर म्हणालो, "सर, हा काय भाजीवाल्याचा तराजू आहे? एकदा लावला तो लावला." तुम्ही म्हणालात, "बरं." तो 'बरं' मला अजून ऐकू येतो.

पावसाला सुरुवात झाली आणि लोक जाड व्हायला लागले.

जुलैच्या पहिल्या रविवारी नऊ जणांचं वाढलं. दुसऱ्या रविवारी चौदा. केळ्यांचे घड येऊन पडायला लागले. बँकेतले साहेब फळीवर उभे आणि खालून त्यांची बायको, "खरं सांगा, स्टेशनवर वडापाव खाता की नाही?" साहेब छातीवर हात ठेवून, "अगं, मंगळवारी एक! एका वड्याचा अर्धा किलो होतो का?" तुम्ही शिट्टी तोंडात धरून गंभीर. श्रावणात तर हाहाकार झाला. तळमजल्यावरच्या मालवणच्या काकूंनी महिनाभर मासे सोडले होते, सोमवार धरले होते, आणि काटा सांगत होता पाऊण किलो वाढ. काकू फळीवरून उतरेनात. "अरे मेल्या, नीट बघ. बांगड्याकडे बघूक नाय मी महिनाभर! मग मासे सोडले ते कोणासाठी?" मी म्हणालो, "काकू, तराजू खोटं बोलत नाही. साबुदाणा बोलतो." सगळे हसले. मीही हसलो. ते वाक्य आठवलं की आजही कानाची पाळी गरम होते.

आणि लोकांनी मनावर घेतलं, सर. साहेबांनी चहातली साखर सोडली. काकूंनी तळणाची कढई माळ्यावर टाकली. रविवारची फेरी वाढवत वाढवत आपण छत्र्या घेऊन थेट कळंबच्या किनाऱ्यापर्यंत चालत गेलो, पंचवीस माणसं, आणि भिजलेल्या वाळूत तुमच्या शिट्टीवर लेझीम. तिथले कोळी जाळी सोडून बघत उभे राहिले. एकाने विचारलं, "कसली मिरवनूक?" काकू म्हणाल्या, "वजनाची."

गणपतीच्या आधी फळीला बुरशी आली म्हणून खरवडायला मी ती काढली. मेमध्ये हीच फळी मी काखेत मारून एकटा घेऊन आलो होतो. आता घराकडे नेताना दोनदा खाली ठेवावी लागली. घरी न जाता मी सरळ वाण्याकडे गेलो आणि फळी त्याच्या काट्यावर टाकली. तेरा किलो नऊशे पन्नास. वाण्यानं विचारलं, "दार करताय?" मी फळी उचलून बाहेर आलो. फळी पाणी प्यायली होती. सव्वा किलो. सोसायटीत कोणीही जाड झालं नव्हतं. माझी फळी जाड झाली होती.

सांगून टाकायला हवं होतं. पण सांगणार कसं? साखर गेली, कढई गेली, बांगडे गेले, आणि हे सगळं माझ्या आंब्याच्या लाकडापायी. शिवाय एकदम दुरुस्त केलं असतं, तर एकाच रविवारी अख्खी सोसायटी सव्वा किलोनं उतरली असती आणि सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या असत्या. म्हणून मी तोड काढली. कारखान्यातून सव्वाशे ग्रॅमचे दहा मोठे वायसर आणले, आणि दर रविवारी पहाटे, कोणी यायच्या आत, एक वायसर पारड्याच्या खालच्या बाजूला लावायचा. दहा रविवारांत सव्वा किलो, कोणाला पत्ता नाही. बायकोनं खिशाचा आवाज ऐकून विचारलं, "देवळात घंटा बांधायला निघालात की काय?"

तिसऱ्या रविवारी तुम्ही पाच वाजताच खाली आलात. मी पारड्याखाली पाठीवर झोपलेला.

"काय करतोस रे?"

"तेल घालतोय, सर."

"दर रविवारी?"

"चांगल्या वस्तूला लागतं, सर."

तुम्ही म्हणालात, "बरं," आणि बारकडे निघून गेलात.

माझा हिशेब पक्का होता, पण ऑक्टोबर त्यात धरलेला नव्हता. ऊन पडलं, फळी सुकत गेली, आणि मी आपला वायसर लावतोच आहे. दिवाळीला सगळी सोसायटी खऱ्यापेक्षा सहाशे ग्रॅमनी बारीक निघाली. साहेब ब्याऐंशी! उतरलेल्या नऊ किलोंतले आठ किलो चारशे ग्रॅम खरे चालून, साखर सोडून गेलेले. वरचे सहाशे माझे. फटाके वाजले. काकूंनी मला ओवाळलं, सोसायटीनं शाल दिली. सेक्रेटरी म्हणाला, "याच्या तराजूनं आपल्याला शिस्त लावली." शाल पांघरून मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही टाळ्या वाजवत होतात, मनापासून, आणि डोळे मात्र तराजूच्या दांडीवर.

नाताळला तुमच्या घरून सगळ्यांना केक आणि नेवऱ्या आल्या. मला तुम्ही स्वतः एक लिटरचा डबा आणून दिलात, जवसाच्या तेलाचा. दारातच उभं राहून म्हणालात, "शाळेत आम्ही बॅटींना हे लावायचो. पावसाच्या आधी दोन हात. लाकूड मग पाणी पीत नाही."

मी काय म्हणालो ते तुम्हाला आठवत असेल. मी म्हणालो, "सर, माझ्याकडे बॅट नाही."

"नसू दे. बघ, कधी लागलं तर."

मला त्याच क्षणी कळलं होतं, सर. नंतर नाही, हळूहळू नाही. तुमचा हात डब्यावर होता तेव्हाच. पण तेल घेऊन फळीला लावलं असतं तर ते कबूल केल्यासारखं झालं असतं, आणि माझ्या कामात दोष आहे हे मी तोवर कोणाजवळच कबूल केलं नव्हतं, कारखान्यातसुद्धा. डबा माळ्यावर गेला. तुम्ही पुन्हा कधी विचारलं नाहीत. एकदा तरी विचारायला हवं होतंत.

तुम्ही एप्रिलात गेलात, तिसऱ्या वर्षी. निर्मळच्या चर्चमध्ये मिस्साची प्रार्थना झाली, तेव्हा आमची पंचवीस माणसं मागच्या बाकांवर, आणि कधी बसायचं, कधी उठायचं हे कोणालाच ठाऊक नाही. ड्रिल करणारी माणसं, आणि एकही हालचाल वेळेवर नाही. तुम्ही असतात तर शिट्टी मारली असतीत. पुढच्या रविवारी तुमच्या लेकीनं वाडीतला एक घड पाठवला. सगळे गोल उभे, फळीवर कोणी चढेना. शेवटी बँकेतले साहेब म्हणाले, "मी चढतो. सर असते तर इतका वेळ थांबले नसते." अर्धा किलो वाढले होते. त्या आठवड्यात लोक पहिल्यांदा हसले. तो अर्धा किलो खरा होता, सर. एप्रिल होता, फळी कोरडी होती.

याला आता दहा वर्षं होऊन गेली. आमच्या पट्टीच्या तिन्ही बाजूंना टॉवर आलेत, घरोघरी काचेचे वजनकाटे आहेत, बोट लावलं की आकडा. तरी रविवारी सतरा-अठरा माणसं उतरतात आणि केळी खातात. काकू आता काठी घेऊन येतात आणि काठीसकट फळीवर चढतात. काठी चारशे दहा ग्रॅम, ती मी वजा करतो. आणि मी दर रविवारी पाचला खाली येतो, दांडी आकड्यातून सोडतो, रिकामा काटा बघतो आणि लागतील तेवढे वायसर लावतो. आषाढात दहा, माघात एकही नाही. म्हणजे तुम्ही सांगितलं होतं तेच करतो आहे, एक रविवार न चुकवता. फक्त कोणी बघत नसताना.

हे पत्र फळीखाली खिळ्यानं लावून ठेवावं असं मनात होतं. पण कागद तोलून पाहिले, वीस ग्रॅम भरले. तेव्हा ते माळ्यावर जाईल, तेलाच्या डब्याखाली.

मागल्या महिन्यात कळंबला कॉटेजेस चालवणारा एक माणूस आला होता. तराजू बघून वेडा झाला. "काका, हा मला द्या. पण बरोबर तोलतो ना?" आणि सर, काय झालं कोण जाणे, मी सांगून टाकलं. म्हणालो, "पावसाळ्यात सव्वा किलो जास्त दाखवतो. फळी पाणी पिते. चूक माझी आहे." पहिल्यांदा तोंडातून निघालं ते, आणि तेही परक्या माणसासमोर. तो हसला. "अहो, तोलायचंय कोणाला? फळीवर कुंड्या ठेवणार, दांडीला दिव्यांची माळ सोडणार." मी दांडी आकड्याला अडकवली आणि नको म्हणालो. सोसायटीत मी सांगितलं आहे की भाव जमला नाही. ते खोटं आहे. त्यानं पंचवीस हजार सांगितले होते, रोख, आणि टेम्पोचं भाडं त्याचं.