दोघींनी उतरलेली दरी

नॉटिंगहॅम
रविवार, ५ नोव्हेंबर २०२३

प्रिय गंधार,

तुला आणि मीनलला अनेक आशीर्वाद. तुझी सर्दी एव्हाना गेली असेल. नसेल गेली तर हळद घालून दूध घे, मीनल हसली तरी घे. इकडे मी बरी आहे. बॉयलरवाला येऊन गेला, हीटिंग सुरू झालं. आज बॉनफायर नाइट ना, दुपारपासूनच कोणीतरी फटाके उडवतंय आणि शेजाऱ्यांचं कुत्रं आपल्या शेडमध्ये येऊन लपलंय. त्याला मी जुनं ब्लँकेट दिलं.

पत्र बघून दचकू नकोस. मला काही झालेलं नाही. परवा फोनवर तू विचारलंस, "ट्रिप कशी झाली?" मी म्हटलं, "छान." आणि तुझी मीटिंग सुरू झाली. तेव्हापासून तो 'छान' मला टोचतोय. जे बघून आले त्याला हा शब्द लावणं म्हणजे चेष्टाच. म्हणून लिहायला बसले, आणि मराठीतच बसले. शनिवारच्या मराठी शाळेत रडत रडत शिकलास, त्याचं आज सार्थक होऊ दे. सावकाश वाच. एका बैठकीत संपवायला हवं असं नाही.

ग्रँड कॅन्यनला बसमधून उतरलो तेव्हा समोर नुसती पाइनची झाडं होती. कार पार्क, टॉयलेट्स, आइस्क्रीम खाणारी माणसं. मनात म्हटलं, एवढ्यासाठी विमानात पाय सुजवून घेतले? असं तर आपल्या पीक डिस्ट्रिक्टच्या डोंगरांतही असतं. मग झाडांमधून थोडं चालत गेलो, आणि जमीन संपली.

संपली म्हणजे संपलीच रे. पुढे काही नव्हतं. म्हणजे होतं, पण ते खाली होतं आणि लांब होतं, आणि इतकं होतं की डोळ्यांना कुठून सुरुवात करावी कळेना. पांढरट कडे, त्याखाली केशरी, त्याखाली तांबडे, त्याखाली जांभळट, आणि अगदी तळाशी काळी चीर. पलीकडचा काठ एवढा दूर की तो जणू दुसऱ्याच देशात होता, आणि तिथे पाऊस पडत होता. आम्ही उन्हात उभ्या आणि समोरच्या काठावर पाऊस. एक मोठा पक्षी उडत होता आणि मला त्याची पाठ दिसत होती. पक्ष्याची पाठ उडताना कधी बघितली आहेस का?

मेडिकलला असताना आम्ही हरिश्चंद्रगडावर गेलो होतो, तेव्हा कोकणकड्यावर पालथं झोपून खाली डोकावले होते. आयुष्यभर मला वाटत आलं की उंची म्हणजे काय ते मला कळलंय. इथे काठावर उभी राहिले आणि फोटो काढायचंसुद्धा विसरले. माझा स्वभाव तुला ठाऊक आहे, म्हणजे बघ.

शेजारी एक अमेरिकन आजोबा होते, टोपी हातात घेऊन उभे. देवळात उभं राहावं तसे. मला म्हणाले, "दर वर्षी येतो. अजून विश्वास बसत नाही."

दुसऱ्या दिवशी पहाटे उतरायला सुरुवात केली. तळाशी नदीकाठी दगडी केबिन्स आहेत. तिथे राहायचं तर लॉटरी लागावी लागते, वर्षभर आधी. हे तुला माहीत आहे. अर्ज भरताना तू होतास.

हो, तेच बुकिंग.

गंधार, तुला वाटलं मी हॉस्पिटलच्या रिटायर्ड मंडळींबरोबर गेले. मी तसं म्हटलं नव्हतं. पण तू म्हणालास तेव्हा "नाही" असंही म्हटलं नाही. माझ्याबरोबर अनुया होती. आम्ही दोघीच होतो.

आता खुर्चीत नीट बस आणि पुढचं वाच. फोन उचलू नकोस.

तुमचा डिव्होर्स झाल्यावर ती एका रविवारी कुकर परत द्यायला आली होती. मी लग्नात दिलेला, मोठा. म्हणाली, "हा तुमचा आहे, आई." दारातच उभी होती, आत येईना. मी म्हटलं, आता आणलाच आहेस तर त्यात भात लावते, जेवून जा. जेवली. पुढच्या रविवारी पुन्हा आली, ट्रॅमने. मी बोलावलं नव्हतं, तिनेही काही निमित्त काढलं नाही. तेव्हापासून ती येते. बाबा गेल्यावर रविवार मला खायला उठायचा, आता उठत नाही.

तुम्ही दोघांनी भरलेल्या अर्जाला लॉटरी लागल्याचं ईमेल तिच्या नावावर आलं होतं. रद्द करणार होती. मग एकदा भाजी चिरताना खाली मान घालून म्हणाली, "आई, तुम्ही याल?" या वयात माझे गुडघे, आणि ही मला दरीत उतरवणार! पण मी हो म्हटलं. उन्हाळाभर दर शनिवारी पावसात आम्ही डोंगर चढलो. तुला सांगायचे तो 'वॉकिंग ग्रुप' म्हणजे आम्हीच.

तर उतरत होतो. वाट कड्याच्या अंगावर कोरलेली, एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. खेचरांची रांग येते, तेव्हा भिंतीला पाठ लावून थांबायचं. प्रत्येक वळणावर खडकाचा रंग बदलतो. माती बदलते, हवा बदलते. वर थंडीने कुडकुडत होते, खाली जाता जाता कोट निघाला, स्वेटर निघाला, शेवटी भट्टीच. वर बघितलं की सकाळी जिथे उभ्या होतो तो काठ आकाशाला चिकटलेला दिसायचा. आपण किती लहान आहोत हे लोक उगाच बोलतात. इथे ते बोलायला लागत नाही, ते गुडघ्यांना कळतं. गंमत म्हणजे त्याचं वाईट वाटत नाही, हलकं वाटतं.

अनुया सगळी वाट भिंतीच्या बाजूने चालली, एक हात खडकावर ठेवून. मला वाटलं पोरीला खडक आवडले. वर्गातल्या मुलांना सांगायला बघत असेल.

वाटेच्या शेवटी एक बोगदा लागतो. अंधारातून बाहेर पडलं की एकदम झुलता पूल, नदीवर टांगलेला. वरून धाग्यासारखी दिसणारी नदी इथे अशी गर्जत होती की छातीत जाणवत होती. मी पुलावर पाय ठेवला आणि मागे वळले. अनुया बोगद्याच्या तोंडाशी उभी, दोन्ही हात भिंतीला, चेहरा पांढराफटक.

"आई, मला जमत नाही. माझी पाय हलत नाही."

"बरं वाटत नाहीये का? पाणी पी."

"नाही. मला मोठा भीती आहे. उंचीचा. नेहमीच आहे."

घाबरली की तिची मराठी अशी मोडते, पण इंग्लिशमध्ये जात नाही. माझ्याशी तरी नाही.

म्हणजे सकाळपासून ही मुलगी त्या कड्यावरून जीव मुठीत धरून चालत होती, आणि मी तिला पक्ष्यांच्या पाठी दाखवत होते! ऑपरेशन थिएटरमध्ये नेण्याआधी घाबरलेल्या पेशंटशी बोलायचा माझा एक आवाज होता. रिटायर झाल्यापासून वापरला नव्हता. तो बाहेर काढला. तिचे दोन्ही हात धरले आणि म्हटलं, "माझ्याकडे बघ. खाली काय आहे ते मी बघते, ते तुझं काम नाही. तू मला तुझ्या वर्गातल्या मुलांची नावं सांग, हजेरी घेतेस तशी."

"एडन," ती म्हणाली. "अमीना. बेथनी."

"बेथनी कशी आहे?"

"चावते."

मी उलट्या पावलांनी चालत होते, ती माझ्याकडे बघत. पूल हलत होता. नदीचा आवाज एवढा की प्रत्येक नाव ओरडून सांगावं लागत होतं. यादीतला शेवटचा झॅकरी आला तेव्हा आम्ही पलीकडे वाळूत उभ्या होतो. ती मटकन खाली बसली आणि रडली, मग हसली. मीही.

तिथे नदीला लागून काळाकुट्ट खडक आहे, त्यात गुलाबी शिरा. पृथ्वीवर प्राणी नव्हते, झाडं नव्हती, तेव्हाचा. शेजारून जाणाऱ्या रेंजरबाईंना मी त्याचं नाव विचारलं, तर म्हणाल्या, "विष्णू." मला वाटलं, थकल्यामुळे कानात काहीतरी होतंय. पण खरंच तेच नाव, कोणा अमेरिकन माणसाने ठेवलेलं. गंधार, मी काही फारशी देवभोळी नाही. पण हात आपोआप त्या खडकाकडे गेला. उन्हाने तापला होता, एखाद्या जनावराच्या पाठीसारखा. माझी आई, तिची आई, आपली भाषा, आपले देव, सगळे त्याच्यापुढे कालचे. डोळ्यांत पाणी आलं, आणि ते दुःखाचं नव्हतं.

अनुया शेजारी येऊन बसली. म्हणाली, "गंधारला मी कधी सांगितलं नाही. त्याला क्लाइंबिंग आवडायचं. मी 'लव्हली' म्हणायचे आणि आदल्या दिवशी मला उलट्या व्हायच्या."

"का नाही सांगितलंस?"

"त्याला ब्रेव्ह बायको हवी आहे असं वाटलं."

हे मी तुला बोल लावायला लिहीत नाही. तिने सांगितलं नाही, तुला कळलं नाही. तुमच्यात आणखी काय काय न सांगितलेलं राहिलं ते तुमचं तुम्हाला ठाऊक. चूक कोणाची हे ठरवायला मी बसलेले नाही.

मग ती म्हणाली, "एप्रिलमध्ये त्याचा लग्न झाला की मी यायचं बंद करायला हवं ना? आणि तुम्हाला काय म्हणायचं? नंदा आंटी?"

त्या खडकावर हात असताना गुळमुळीत बोलणं मला जमलं नसतं. मी म्हटलं, "आई म्हण. गंधारमुळे म्हणायला लागलीस, पण आता ते आपल्या दोघींचं आहे."

चढून यायला दुसरा सगळा दिवस गेला. तिची भीती काही पुलावर राहिली नव्हती. प्रत्येक उघड्या वळणावर ती मोठ्याने सांगायची, "आई, आता भीती वाटते." मी म्हणायचे, "ऐकलं." आणि आम्ही चालायचो. माझे गुडघे बोलायचे तेव्हा मी सांगायचे आणि ती म्हणायची, "ऐकलं." असं ऐकत ऐकत वर आलो. काठावर पोचून मागे वळलो तेव्हा ऊन कलत होतं आणि सगळी दरी आतून पेटल्यासारखी तांबडी झाली होती. अनुयाने माझा दंड घट्ट धरला होता, पण ती बघत होती. डोळे मिटले नाहीत तिने.

आता जे लिहायला इतका वेळ घेतला ते. मे महिन्यात तू फोनवर म्हणालास, "आई, क्लीन ब्रेक हवा. तू तिला भेटतेस ते मीनलला ऑकवर्ड होतं." मी गप्प बसले. तुला वाटलं असेल की मी मान्य केलं. नव्हतं केलं रे, नुसती घाबरले होते. बाबा नाहीत, तू एकुलता एक. तू तुटलास तर काय, ही ती भीती. आता सांगते आहे, मोठ्याने.

तुझ्या लग्नाला मी येणार, मनापासून येणार. मीनलला या घरात कधी दुसरी म्हणून वागवणार नाही. तिची अनुयाशी तुलना माझ्या तोंडून तिला कधी ऐकू येणार नाही. पण अनुयाला येऊ नकोस असं मी सांगणार नाही. पुढच्या रविवारी लक्ष्मीपूजन आहे, ती येईल. तुम्ही दोघं त्याच दिवशी आलात तर मला किती आनंद होईल ते लिहीत नाही. जमणार नसेल तर पाडव्याला या, चकल्या ठेवते.

रागावशील. रागावलास तर तसं कळव, फोन करून भांड. फक्त गप्प राहू नकोस. तुझं जे काही असेल ते ऐकायला मी इथे आहे.

तुम्हा दोघांची,
आई