चौदा नंबर झाकून

७ ऑक्टोबर

कामावर गेले. टेबलावर कोणीतरी फुलं ठेवली होती — प्लास्टिकची. बरं झालं, पाणी घालायला नको.

सगळे हळू बोलतात. चाळिसाव्या दिवसाचं जेवण होऊन गेलं, तरी माझ्यासमोर कोणी 'चौदा नंबर' म्हणत नाही. 'ती विहीर' म्हणतात. चौदा नंबरच्या तेलविहिरीत गॅस उसळला आणि माझा नवरा गेला. तोलेगेन गेला. लिहिता येतं मला हे. काहीच होत नाही.

९ ऑक्टोबर

एने — माझ्या सासूबाई — चहा ओततात, मी पिते. आता घरात दोघीच. बौरसाक — कणकेचे गोळे — तळले होते त्यांनी. मीठ घालायचं राहिलं होतं म्हणे. मला कळलंही नाही.

१२ ऑक्टोबर

रहात येऊन गेला. माझा धाकटा दीर. त्याला सतरा नंबरवर घेतलंय, ड्रिलिंगला. चौदापासून पाऊण तासाच्या रस्त्यावर.

"वहिनी, तुझ्या शंखांना विचार ना, खाली काय वाढून ठेवलंय!"

हसला. भावासारखाच हसतो. एने उठून आत गेल्या.

१३ ऑक्टोबर

विचारलं शंखांना. काम तर तेच आहे माझं. विहिरीतून वर येणारा दगडाचा चुरा धुवायचा, भिंगाखाली धरायचा. सुईच्या टोकाएवढे शंख असतात त्यात, कोट्यवधी वर्षांपूर्वीचे. एक जात संपते, खाली दुसरी लागते. दर विहिरीत हा क्रम थोडा इकडेतिकडे होतो. जुन्या सगळ्या विहिरींचे क्रम एकत्र मांडले की गणित सांगतं — खरा क्रम बहुधा असा, दोन थरांत अंतर बहुधा इतकं. म्हणजे वरचे शंख बघून खालचा थर सांगता येतो. गॅस साठलेला वाळूचा थरही.

सतरा नंबरसाठी उत्तर आलं — दोन हजार सहाशे पन्नास ते दोन हजार सातशे पन्नास मीटर, यात कुठेही.

आमच्या साहेबांच्या नकाशात ती वाळू दोन हजार नऊशेला आहे. तोवर विहिरीत हलका चिखल भरून ड्रिलिंग चालणार. हलका चिखल गॅस दाबून धरत नाही.

१४ ऑक्टोबर

सपार आगांकडे गेले. आमचे साहेब तेच; वडीलधारे म्हणून आगा.

"इथून तिथपर्यंत — हे काय उत्तर झालं? एक आकडा दे!"

"एक आकडा दिला तर तो खोटा असेल, आगा."

"थांबायचं, विहिरीला आतून लोखंडी नळ घालायचे, चिखल जड करायचा — वर काय सांगू मी? शंख म्हणाले?"

मी उभीच. मग तेच म्हणाले, "सिद्ध कर. खोली माहीत असलेली एक विहीर झाक. बाकीच्यांवरून तिचा थर सांग. जमलं तर थांबवतो."

आसपास पुरता चुरा अजून जपलेली विहीर एकच; बाकीच्यांच्या नुसत्या नोंदी. त्यांच्याही लक्षात आलं. चष्मा पुसत बसले.

"दुसरी घे, पोरी."

"दुसरी नाहीये."

१५ ऑक्टोबर

सतरा नंबर अडीच हजारांच्या खाली गेली.

१६ ऑक्टोबर

चौदा नंबरचा चुरा धुतला. शेवटची पिशवी गॅसच्या जरा आधीची. करडी माती, बाकीच्यांसारखीच. शंख मोजले. गॅस कुठे लागला ते झाकलं आणि गणित चालवलं.

दोन हजार सातशे ते आठशे.

गॅस लागला होता दोन हजार सातशे चाळीसला. तेव्हाही नकाशात दोन हजार नऊशेच होतं.

खिडकी वाजत होती. उठून लावली. पुन्हा बसले. आकडा तोच.

१७ ऑक्टोबर

सपार आगांनी कागद दोनदा वाचला.

"म्हणजे कळलं असतं."

"हो."

"मग तेव्हा का नाही केलंस हे?"

"तेव्हा मी अल्मातीत होते. हेच शिकत होते."

त्यांनी फोन उचलला. सतरा नंबर थांबवली. नळ घाला, चिखल जड करा, मी सांगतो म्हणून करा — ओरडत होते. फोन ठेवून कागद पुढ्यात ओढला.

"अपघाताच्या चौकशीवाल्यांना हा कागद जाईल. माझ्या सहीने. नऊशे मी लिहिले होते." मग — "शिव्या दे मला, झिबेक."

"येत नाहीत, आगा."

खरंच येत नव्हत्या.

२० ऑक्टोबर

सतरा नंबर थांबलेलीच. कँटीनमध्ये मागून कोणीतरी — "शंखवाल्या बाईने सुट्टी मिळवून दिली!" हसणं. मग मी दिसले; माना ताटात.

२४ ऑक्टोबर

पुन्हा सुरू. एने दारात उभ्या राहतात. वाऱ्यात. आत या म्हटलं की येतात. थोड्या वेळाने पुन्हा दारात.

२६ ऑक्टोबर

दुपारी रहातचा फोन. नुसता गोंगाट आधी.

"वहिनी! वाळू लागली गं! दोन हजार सातशेच्या जरा आधी! गॅसने जोर केला — पण चिखलाने दाबून धरला! सगळे आहोत! सगळे!"

"बरं."

"बरं? अगं, नुसतं बरं?"

आणि रडायला लागला. मोठा बाप्या, हमसून हमसून. मी फोन कानाला धरून उभी. मग एनेंना दिला.

२७ ऑक्टोबर

सकाळी चहा ओतता ओतता एने थांबल्या. "रहातचं आधी कळलं. तोलेगेनचंही कळलं असतं का?"

कागद चौकशीला जाणारच आहे. मी म्हणाले, "हो. कळलं असतं."

वाटलं, आता आकांत करतील. शाप देतील.

"म्हणजे मी पाठवलं म्हणून नाही गेला," त्या म्हणाल्या.

मग सांगितलं — त्या दिवशी तोलेगेनला ताप होता. कामावर जात नव्हता तो. एनेंनीच उठवून पाठवला होता. इतके दिवस मला सांगितलं नव्हतं.

जवळ सरकले. त्यांचा हात धरला. गरम लागला.