पुढची खोली सुनेच्या नावे

मी पूर्ण भानावर आहे, असं गल्लीतल्या डॉक्टरीणबाईंनी आज सकाळी मला तपासून लेखी दिलं आहे. वय वर्षे एकाहत्तर, व्यवसाय शिवणकाम, अशी मी हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कोणी भाग पाडलेलं नाही. उलट "मधे बोलू नकोस," असं मुलालाच दोनदा सांगावं लागलं.

व्यवसाय मुद्दाम लिहिला. पूर्वी घरं मोजायला एक कारकून आला होता. त्याच्या पँटचा उसवलेला काठ मी शिवत होते आणि तो माझी माहिती लिहीत होता; कागदाची एक प्रत घरी ठेवून गेला. चाळिशीनंतर वाचायला शिकले, तेव्हा तो कागद वाचला. "व्यवसाय : काही नाही." त्याला मी माफ केलं आहे. टाका मात्र अजून टिकला असेल.

१. पुढची खोली माझ्या कमाईची, माझ्या नावाची. ती माझ्या पश्चात पूर्ण मालकीने सुनेची. लग्नामुळे तिचं नर्सिंग दुसऱ्या वर्षी सुटलं. आता सदतिसाव्या वर्षी पुन्हा प्रवेश मिळाला आहे, आणि मुलाला नेमकं त्याच खोलीत मोबाइलचं दुकान टाकायचं आहे. तो म्हणाला, "आई, माझ्या नावावर म्हणजे तिच्याच नावावर की!"

"मग तिच्या नावावर म्हणजे तुझ्याच. तुझं काय बिघडलं?"

सून लगेच हसली. तो जरा वेळाने.

२. मागची खोली व स्वयंपाकघर मुलाला. मनाने चांगला आहे, फक्त चहा आयता लागतो. बायको वाचत असेल तेव्हा तो त्याने स्वतः करावा.

३. शिलाई मशीन सुनेला नाही. तिला वाईट वाटेल म्हणून कारण लिहिते. मशीन समोर दिसलं की माणसं बाईला पुस्तकावरून उठवतात : "एवढी एक शिलाई मार गं." मला तीस वर्षं उठवलं. मशीन आणि मोठी कात्री माझ्याकडे काज-बटणाला येणाऱ्या मुलीची. तिने दोन्ही या रविवारीच घेऊन जावीत.

ठिकाण : पुढची खोली
तारीख : ६ जून २०२५, शुक्रवार
लिहून देणार : (सही)
साक्षीदार : १. डॉक्टरीणबाई (सही) २. समोरचे इस्त्रीवाले (सही)

ता. क. वर्ग सोमवारी नऊला सुरू होतात. खोलीसाठी सुनेने माझ्या मरणाची वाट पाहू नये. रविवारी मशीन गेलं की तिथे टेबल लागेल. टेबल मुलगा आणणार आहे.