पाय पुन्हा गेले

४ नोव्हेंबर
पाय पुन्हा गेले. पाठलागाला उठले, एकीला खांबाकडे रेटलं, वळले आणि मांड्यांचा दगड झाला. आधी जड होतात, मग आखडतात, मग माझ्या राहतच नाहीत. खो द्यायला पुढच्या मुलीच्या पाठीपर्यंतसुद्धा पोचले नाही. मधोमध बसकण. सरांनी माझ्या जागी दुसरीला घेतलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

माझं वयोगटातलं हे शेवटचं वर्ष. तेवीसला हिंगोलीत निवड. नाव लागलं तर राज्याचं सर्टिफिकेट, त्यावर खेळाडू म्हणून पोलीस भरती. नाही लागलं तर पप्पांची पिठाची गिरणी, आणि उन्हाळ्यात कुणाच्या तरी घरी... नको ते आज.

६ नोव्हें.
बाळापूरला डॉक्टर. रक्त उत्तम. ताकदीची बाटली, कॅल्शियम आणि ‘टेन्शन घेऊ नका’. टेन्शन काय मी दुकानातून आणते?

येताना पप्पांनी केळी घेतली. गावभर केळीच्या बागा असलेल्या डोंगरकड्याच्या माणसानं बाळापुरात केळी विकत घ्यायची म्हणजे हद्दच झाली.

लघवीचं डॉक्टरांना सांगितलं नाही. पप्पा शेजारीच उभे होते, कसं सांगणार. पाय गेले की त्या संध्याकाळी काळ्या चहासारखी होते, दुसऱ्या दिवशी साफ. उष्णता असेल. असेलच.

९, रविवार
मम्मीनं नजर काढली. मिरच्या जळल्या तरी ठसका आला नाही, म्हणजे नजर जबर, असं तिचं म्हणणं. मला तर शिंका आवरेनात.

पप्पांचा उपाय वेगळा. दिवाळीपासून सराव बाळापूरला आहे, तेव्हापासून मला झाडू नाही, पाणी नाही, दळणाचे डबे उचलणं नाही. रोज सकाळी गिरणी बंद ठेवून मला गाडीवर नेतात, थेट मैदानात. गिऱ्हाइकं दुसऱ्या गिरणीवर जातात. मी म्हटलं, राहू द्या, मी जाईन माझी. तर म्हणे, “रिकामी गिरणी फिरवली की दगड झिजतात गं. पाय बी तसेच. जपून ठिव, मैदानात लागंल.”

गावातल्या शाळेच्या मैदानात खेळायचो तेव्हा असं नव्हतं. सुरुवातीला थोडं व्हायचं, पण सुटायचं. आता माणूस माझ्यासाठी धंदा सोडून येतो आणि मी मैदानात बसते. मेल्याहून मेल्यासारखं होतं.

१३ नोव्हें.
पा. गे. दोनदा.

सरांनी बाजूला नेलं. घरी काही आहे का, कुणी मुलगा वगैरे? नाही म्हटलं. मग म्हणाले, तुझ्या पायात काही नाही, डोक्यात भीती आहे, निवडीत अशी बसलीस तर मी काही करू शकणार नाही.

दीपाली सगळ्यांसमोर म्हणाली, “नाटकं करून राहिली. काम पडलं की हिचे पाय जातात.” शाळेत आमच्या दोघींचा डबा एक असायचा.

घरी येऊन रडले. खरंच नाटक असेल का? आपल्याला न कळता माणूस नाटक करू शकतं का? देवा, काहीतरी नाव तरी दे याला.

१८
बाळापूर दिसायला लागलं आणि गाडी पंक्चर. पप्पा गाडी ढकलत मागे राहिले, मी पुढे निघाले. उशीर झालेला म्हणून भरभर. थोड्या वेळात मांड्या भरल्या. थांबले, रागानं पुन्हा चालले, आणि मग कुणी कुलूप काढावं तसं मोकळं झालं. पोचले ती थेट डावातच. पाय गेले नाहीत. एकदाही नाही.

पप्पा आले तोवर मी पळत होते. जाताना त्यांनी मारुतीला नारळ फोडला.

१९
गाडी नीट. थेट मैदानात. पा. गे. पहिल्याच धावेत.

२०
आज पाय गेल्यावर बसले नाही. लंगडत कडेकडेनं चालत राहिले. दीपाली हसली. हसू दे. परत आले तर पाय परत आलेले.

म्हणजे गाडीवर आले की जातात, चालत आले की राहतात. का, ते कळत नाही. पण पप्पांना हे कुठल्या तोंडानं सांगू?

२२, शनिवार
सांगितलं.

पप्पा गाडी पुसत होते. उद्या मला त्रास नको म्हणून मागच्या सीटवर गोधडीची घडी बांधलेली. म्हटलं, मला मैदानाच्या बरंच अलीकडे उतरवा, मी चालत येईन.

हात थांबला. “काहून? माझ्या गाडीची लाज वाटून राहिली?”

आणि गिरणीत निघून गेले. मीही मागे. डॉक्टरांना जे सांगता येत नाही ते मी काय सांगणार? शेवटी म्हटलं, “पप्पा, आपण दाणे टाकून मग गिरणी चालू करतो का?”

“न्हाई. आधी फिरू द्यावं लागतं. न्हाई तर अडकती.”

मग हाताचं पीठ पुसत राहिले.

“म्हणजे म्याच अडकवलं व्हय तुला.”

मी नाही नाही म्हटलं. त्यांना ते पटलेलं दिसलं नाही. जेवलेही नाहीत नीट.

२३, संध्याकाळ
हिंगोलीत मैदानाच्या बरंच अलीकडे उतरले. पप्पा मागून पहिल्या गिअरमध्ये, माझ्या बुटांची पिशवी हँडलला. लोकांना वाटलं असेल बापलेकीचं भांडण झालंय.

पहिला डाव चांगला. चांगला म्हणजे चांगलाच, तिघी बाद केल्या. मग पाहुणे आले. हारतुरे, भाषणं, सगळ्यांना ओळीत बसवलं. पाय थंड पडत चाललेले कळत होते. उठले तर सर म्हणाले, बस, दम राख. पप्पा दोरीपलीकडून बघत होते. दोरीखालून आत आले. “फिरू द्या सर तिला,” म्हणाले आणि माझ्याबरोबर मैदानाच्या कडेनं चालायला लागले. भाषण चालू, सगळे आमच्याकडे बघतायत. मला लाज वाटली नाही.

दुसऱ्या डावात पाय गेले की नाही, धड सांगता येत नाही. अर्धे गेले. शेवटची मुलगी बोटांपुढून निसटली. पण बसले नाही. यादी कळवतो, असं सर म्हणाले. माझ्याकडे न बघता म्हणाले.

येताना पप्पा म्हणतात, “पोलिसात गेलीस तर चोराला सांगावं लागंल, थांब बाबा, आधी मला फिरू दे.” दोघंही खूप हसलो.

घरी आले, मोरीत गेले. लघवी आज चहासारखी नाही, कोळशाच्या पाण्यासारखी. मांड्या टणक, खाली बसताही येईना. फार भीती वाटली. मम्मीला हाक मारली. तिनं पाहिलं.

“कवापासून?”

मी आठवायला लागले तर तिनं माझा हात धरला. मग बाहेर जाऊन पप्पांना सांगितलं. नांदेडला मोठ्या दवाखान्यात जायचं म्हणतात, आत्ताच.

पप्पांनी गाडी बाहेर काढली आहे. सीटवरची गोधडी अजून तशीच बांधलेली. आज मी मुकाट बसणार.