ओबानच्या भरतीनंतर चार तास

७ जून

कर्स्टीन आली होती. किटली चुलीवर ठेवायच्या आत म्हणाली, "होडी कोलोन्सेला न्यायची आहे. पाण्याचा हिशेब तू करून दे."

इथलं घर सोडतेय. कोलोन्से बेटावर तिचं माहेर, बहिणीजवळ राहणार. सामान फेरीबोटीने जाईल. रॅनल्डची होडी मात्र शीड लावून न्यायची, आणि तीही जुरा आणि स्कार्बा बेटांमधल्या समुद्राच्या खिंडीतूनच. मी म्हटलं, दक्षिणेकडून वळसा घालू, दोन दिवस लागतील, घाई कुठे आहे?

"माझा नवरा कधी वळशाने गेला होता का?"

"नव्हता."

"त्याला वेळ कोण सांगायचं? तूच ना, त्याचा मोठा भाऊ? मग मलाही सांग. आणि बरोबर चल. सुकाणू मी धरीन, तू नुसता बैस."

नाही म्हणायला तोंड उघडलं. बाहेर पडलं हो.

८ जून

लिहून टाकतो एकदाचं. नऊ महिने या वहीत पावसाबद्दल लिहिलं, गुडघ्याबद्दल लिहिलं, मासे धुरावायच्या भट्टीतल्या ओल्या लाकडाबद्दल लिहिलं. हे नाही लिहिलं.

खिंडीतलं पाणी ओबान बंदरातल्या भरतीनंतर साधारण चार तासांनी थांबतं. थोडी उसंत घेतं आणि मग पश्चिमेला धावत सुटतं. त्या उसंतीत पार व्हायचं. उधाणाच्या दिवशी तासभर उशीर झाला आणि समोरून अटलांटिकची लाट आली, की पाण्याच्या भिंती उभ्या राहतात. लहान होडीचं तिथे काही चालत नाही.

भरतीची वेळ पुस्तकात बघायची. जाड पुस्तकात वेळा हिवाळी घड्याळाच्या. उन्हाळ्यात आपली घड्याळं तासभर पुढे, म्हणून एक तास मिळवायचा. तीस वर्षं मिळवत आलो. पाच वर्षांपूर्वी गुडघा गेला, होडीत चढणं संपलं. रॅनल्ड एकटा जायचा, मी फोनवर वेळ सांगायचो. तेवढ्यासाठी जाड पुस्तक कोण घेतो? बंदरावर मिळतं ते पातळ पुस्तक भट्टीच्या दाराला खिळ्यावर टांगलं. नऊ सप्टेंबरला त्यात बघितलं, तास मिळवला, फोन केला. "साडेदहाला निघ."

पातळ पुस्तकात तो तास आधीच मिळवलेला असतो. मागच्या पानावर छापलंय, मुंगीएवढ्या अक्षरांत. वाचलं मी — त्याच्या प्रार्थनासभेला चार दिवस झाल्यावर.

साडेनऊला निघायला हवा होता.

होडी दुपारी कोलोन्सेच्या अलीकडे सापडली. शीड वर, आत कोणी नाही. तो सापडलाच नाही.

पाच उन्हाळे हेच करत आलो असणार. आधी कधी काही झालं नाही ते नशीब, दुसरं काय?

१० जून

भट्टीत दिवसभर सगळ्यांना हसवलं. "डूगी आज खुशीत आहे," बायका म्हणाल्या.

१२ जून

क्रिननच्या बंदरात गेलो, होडी बघायला. कालव्याच्या दारांवर सोर्ली कामाला असतो, रॅनल्डच्या वर्गातला. तो आणि एक म्हातारा कोळी भिंतीपलीकडे बोलत होते. माझे कान तिखट आहेत. त्या कानांवर धंदा उभा केला — गिऱ्हाईक दुकानाबाहेर पडून काय बोलतं ते ऐकून. आज बहिरा असतो तर बरं.

"कर्स्टीन नेतेय म्हणे होडी."

"नेऊ दे की. नवऱ्यापेक्षा बरी नेईल. रॅनल्डला आकडे कधी जमले? शाळेत गणितं माझ्या वहीतून उतरवायचा."

"आणि तू कोणाच्या वहीतून?"

हसले दोघे. मग सोर्ली म्हणाला, "नाही पण, खरंच. भाऊ इतका हुशार, दर वेळी फोन करून वेळ सांगायचा. हाच पठ्ठ्या कुठेतरी रेंगाळला असणार. उधाणाचा दिवस, आणि हा सँडविच बांधत बसला असणार."

मी भिंतीला वळसा घालून पुढे आलो. दोघे ओशाळले. "वाईट वाटून घेऊ नको, डूगी."

"वाईट कसलं," मी म्हटलं. "स्वतःच्या लग्नाला उशिरा आला होता तो."

तिघेही हसलो. सगळ्यात मोठ्याने मी.

लग्नाला उशीर माझ्यामुळे झाला होता. गाडी माझी बंद पडली होती.

१३ जून

मेलेल्याच्या अंगावर माझी चूक घातली. घातली असंही नाही. लोकांनी घातली, मी नीट बसवली.

१४ जून

हिशेब केला. जाड पुस्तक मुद्दाम विकत आणलं. जाड, पातळ आणि फोनवरचं, तिन्हीतून काढलं. तेवीस तारखेला खिंडीतलं पाणी संध्याकाळी सव्वापाचला थांबेल. उधाण नाही, भांगाचं पाणी, जोर निम्मा. क्रिननहून चारला निघायचं. पुन्हा केला. सव्वापाच. पेन्सिलीने केला, पेनाने केला. सव्वापाच.

तरी विश्वास बसेना. बायकोला, ऊनाला म्हटलं, बेरीज बघ जरा.

"सव्वा वाजता भरती, वर चार तास. सव्वापाच," ती म्हणाली. "बेचाळीस वर्षं संसार केला तुझ्याशी, आता हे बघायचं होतं. बरं वाटत नाही का?"

तिलाही सांगितलेलं नाही.

१५ जून

सव्वापाच.

१७ जून

कर्स्टीनकडे गेलो, खोकी बांधायला. तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून रॅनल्डचा बोया दिसतो, होडी बांधायचा तो. त्या सकाळी तो नेमका किती वाजता सुटला, गावात कोणी पाहिलं नाही. पाहिलं असेल तर हिने. पोलिसांना तिने सांगितलं असेल, मला नाही. मी विचारलेलंच नाही. विचारलं की ती म्हणणार, का विचारतोस? आणि ती "साडेदहा" म्हणाली की संपलं. तो शब्द तिच्या तोंडून येत नाही तोवर मी कसाबसा उभा आहे.

बशा कागदात गुंडाळत होतो. ती पाठमोरी होती. म्हणाली, "एक बोलू? सगळ्या गावाने मला त्या दिवसाबद्दल विचारलं. पोस्टमनने विचारलं. तू एकदाही नाही. तू आलास की विनोद सांगायचास."

"मला वाटलं, तुला बरं वाटेल."

"नाही वाटायचं."

बशीला दोनदा कागद गुंडाळला. तीच बशी. तिला वाटतं, मला भावाचं काही नाही. यापेक्षा तिने खरं ओळखलं असतं तर परवडलं असतं.

१९ जून

फोन केला. म्हटलं, गुडघा सुजलाय, वेळ कागदावर लिहून पाठवतो, बहिणीच्या नवऱ्याला घेऊन जा.

"गुडघा होडीत घेऊन ये," ती म्हणाली. "त्याला लोकर गुंडाळू." आणि ठेवला.

चिठ्ठी लिहायला बसलो. 'प्रिय कर्स्टीन, नऊ सप्टेंबरला मी' — इथवर चार कागद झाले. चारही भट्टीत घातले. आजच्या माशांना त्याचा धूर लागला असेल.

२० जून

वाऱ्याचा अंदाज: नैऋत्य, मध्यम, मग मंद. वादळ मागणारा या किनाऱ्यावर मी पहिलाच मासेवाला असेन. तेही मिळत नाही.

२१ जून

रविवार. प्रार्थनेला गेलो. धर्मगुरू म्हणाले, "डूगल्ड, तुझ्यासारखा माणूस घरात असला की कुटुंब तरतं."

हात मिळवला त्यांच्याशी. काय करणार?

२२ जून

होडीत अन्न भरलं. ओटकेक, चीज, आमच्याच भट्टीचा मासा. कर्स्टीनने दोऱ्या तपासल्या. तिची गाठ रॅनल्डसारखीच, डावीकडून फिरवलेली.

माझा कागद तिने मागितला. दिला. ती वाचत होती तेव्हा मी हात खिशात घातले. तिने आकड्यावर बोट ठेवलं, ओठ हलवून काहीतरी मोजलं, घडी करून आत ठेवला. "ठीक आहे" एवढंच.

उद्या सांगणार. क्रिननला नको, तिथे सोर्ली आहे. कोलोन्सेला नको, तिथे तिचं माहेर. खिंडीच्या तोंडाशी, जिथे मागे फिरता येत नाही. तिने मला तिथे पाण्यात ढकललं तर मी तक्रार करणार नाही. रॅनल्डचं नाव तरी धुऊन निघेल. सोर्लीला, त्या म्हाताऱ्याला, धर्मगुरूंना, सगळ्यांना सांगेन. धंद्याला लोकांनी पाठ फिरवली तर फिरवू देत.

पासष्ट वर्षांचा झालो. स्वतःच्या हुशारीवर वर आलो असं सगळ्यांना सांगत आलो.

२३ जून, कोलोन्से

सांगितलं. पातळ पुस्तक, तास, फोन, सगळं. पाणी तळ्यासारखं पडलेलं. तिने सुकाणू जरा सरळ केलं.

"साडेनऊला निघाला तो," म्हणाली. "मी खिडकीत होते. पाणी असंच असणार, वाराही नव्हता. कसा पडला ते मला कधीच कळणार नाही. पण तुझ्या वेळेवर तो गेला नाही. तुझा फोन झाला की एक तास वजा करायचा."

"मग मला बोलला का नाही?"

"बोलला असता तर तू फोन करणं सोडलं असतंस."

"पाच वर्षं?"

"फक्त उन्हाळ्यात," कर्स्टीन म्हणाली. "हिवाळ्यात तुझं बरोबर असायचं."