पंचमीचा कौल

जोहे, ता. पेण
मंगळवार, ५ ऑगस्ट २०२५

प्रिय रघू,

तुला आणि वहिनींना नमस्कार. आम्ही इकडे बरे आहोत. लावणी उरकली. चतुर्थी तीन आठवड्यांवर आल्यामुळे कारखान्यांत कोणाला फुरसत नाही. मी घासकामाला जातो. गुडघा दुमडत नाही म्हणून मालकाने मला उंच स्टूल दिलं आहे. त्यावर बसून दिवसभर गणपतीच्या सोंडा पॉलिशपेपरने घासतो. काम शांत आहे, नामस्मरण होतं.

फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर तू मध्ये बोलशील आणि मी गप्प बसेन. इलियास उद्या सकाळी टेम्पोतून रोह्याला मूर्ती नेतो आहे. वाटेत खांबला तुझ्या घरी हे देईल.

तुझ्या साहिलविषयी लिहायचं आहे. संघाचा इंदूरचा कॅम्प सुरू होण्याआधी तो इकडे आला होता, हे तुला ठाऊक आहे. दहा वर्षांचा असताना आमच्या कबड्डीच्या मैदानात पहिली चढाई केलेला पोरगा आता गाडीतून उतरतो आणि अजून माझ्या पाया पडतो. मला म्हणाला, "काका, दर चढाईला मी एकटा सात जणांत जातो. सातही जण माझ्या पायांवर पडतात. आणि संघवाले म्हणतात, सव्वीस वर्षांचा चढाईपटू म्हणजे संपत आलेला. कोपऱ्यावरच्या पकडवाल्याला तीन वर्षांचा करार देतात, मला एकाच वर्षाचा. मी त्यांना सांगितलंय, दोन वर्षांचा लिहून द्या, तर मी इंदूरला येतो. नायतर घरी बसतो."

त्याचं खोटं नव्हतं. चढाई करणाऱ्याचे गुडघे किती वर्षं टिकतात हे माझ्याइतकं कोणाला कळणार?

तेवढ्यात संघाच्या मॅनेजरचा फोन आला. साहिलने तो मोठ्या आवाजावर ठेवला. मॅनेजर आर्जवं करत होता, तू ये, समोर बसून बोलू. अर्ध्या तासात तीनदा फोन आला. साहिल हसला नि म्हणाला, "बघा काका, रुसलेल्या जावयासारखं चाललंय माझं." मीही हसलो. चहा घेतला. तो गेल्यावर कप विसळताना माझ्या हातून फुटला.

रघू, सत्तावीस वर्षांपूर्वी रोह्याच्या त्या कंपनीने आपल्या दोघांना संघात घ्यायचं ठरवलं होतं. अकरा महिन्यांची कंत्राटी नोकरी. तू गेलास. मी म्हटलं, कायम करतो असं लिहून द्या, मग मैदानात पाय ठेवतो. आठ दिवस घरी बसलो. रोज सकाळी धुतलेला सदरा घालून ओटीवर बसायचो आणि पेणहून येणाऱ्या एसटीतून कोण उतरतं ते बघायचो. साहेब सोड, शिपाईसुद्धा आला नाही. नवव्या दिवशी कळलं की माझ्या जागी नागोठण्याचा एक पोरगा घेतला. तू पुढे कायम झालास, घर बांधलंस.

तुझ्या मेहुण्याच्या लग्नात तू पंगतीत सहज सांगितलंस की साहेब तेव्हा म्हणाले होते, चढाईवाले गावोगाव मिळतात, कोपरा सांभाळणारा मिळत नाही. सगळे हसले. तुझ्या मनात काही नव्हतं, हे मला माहीत आहे. मी त्या दिवशी जिलेबी तशीच पानात ठेवून उठलो. माझ्याच चढायांवर आपण दोन वर्षं तालुक्यात पहिले आलो होतो आणि तू तुझ्या कोपऱ्यातून सगळं आयुष्य सांभाळलंस. आजवर हे तुला बोललो नाही.

आता नागपंचमीचं.

तुमचा फोन आला. वहिनी म्हणाल्या, "भावजी, तुमच्या हातचा कौल लावा. जायचं का थांबायचं, देवी सांगेल तसं पोरगा करील." अकरा वर्षं गावदेवीची पूजा माझ्याकडे आहे. आजवर कोणाच्या कौलात मी माझा शब्द घातला नाही. आंघोळ करून ओलेत्याने गेलो. देवीच्या दोन्ही खांद्यांना पाण्याने पाकळ्या लावल्या आणि साकडं घातलं, साहिलने कॅम्पला जायचं असेल तर उजवा दे.

मी तुम्हाला सांगितलं की देवीने डावा दिला, थांबायला सांगते आहे.

रघू, उजवा पडला होता. माझं बोलणं पुरं व्हायच्या आत पडला. पाकळी माझ्या पायाशी येऊन पडली आणि मी ती उचलून कपाळाला लावली. नंतर देवळाच्या पायरीवर बसून तुम्हाला फोन लावला. नंबर लावेपर्यंत खरंच सांगणार होतो. तुझा आवाज ऐकला आणि मनात आलं, याच्या पोरालाही बसू दे घरी. कोणी बोलवायला येतं का ते याच्याही घराला कळू दे.

थांब, तुझी मागणी बरोबर आहे, असं मी साहिलला माझ्या तोंडाने सांगितलं असतं तर त्यात पाप नव्हतं. मी ते देवीच्या तोंडी घातलं.

शनिवारी त्याचा फोन आला. संघवाले पुढे सरकले आहेत. दुसऱ्या वर्षाचं लिहून देतात, अट एकच, शुक्रवारच्या आत इंदूरला हजर व्हायचं. नाहीतर एकोणीस वर्षांचा एक पोरगा मॅटवर उतरवून ठेवला आहेच. म्हणजे साहिलने मागितलं तेच देतायत. मी विचारलं, मग कधी निघतोस? तो म्हणाला, "कसा निघू काका? देवीने थांबायला सांगितलंय ना. तिच्यापुढे मी शहाणा नाय." मी 'बरं' म्हणून फोन ठेवला. तेव्हाही सांगितलं नाही. त्यानंतर आज तिसरा दिवस.

हे पत्र मिळताच त्याच्या हातात दे. तू समजावून सांगू नकोस, त्याला स्वतःला वाचू दे. बुधवारी रात्री निघाला तरी तो वेळेत पोचेल. दुसऱ्या वर्षाचं आधी कागदावर घ्यायला सांग, मगच सही. एवढं मात्र मी त्याचा पहिला मास्तर म्हणून सांगतो.

देवळाची किल्ली मी आज सकाळी सुशीलकडे दिली, पुढची पूजा तो करेल. गाव कारण विचारेल तेव्हा सांगेन.

देवीपुढे उभा राहिलो होतो. क्षमा मागितली नाही. आत जे जळतंय ते अजून गेलेलं नाही आणि तिला तरी खोटं कसं सांगू? साहिल जाईल, टीव्हीवर दिसेल, चढाई करून गडी बाद करेल आणि इथे सगळे टाळ्या वाजवतील. तेव्हा ते पुन्हा पेटेल, मला माहीत आहे. पेटू दे. ते माझं मी बघून घेईन.

तू त्याला पाठव.

तुझा म्हणवून घ्यायला आज लाज वाटणारा,
जनू